गुरुवारचे विषय

बोट 'वॉल्टर ब्रॅनिगन', ह्यूरॉन सरोवर
८ सप्टेंबर १९९६

चि. काइसा हिस,

बापाचे अनेक आशीर्वाद. बोटीवरच्या काकामंडळींनी न मागता दिलेलेही सोबत जोडले आहेत.

तुझी गुणपत्रिका डिट्रॉइटला टपालबोटीवरून दोरीच्या बादलीतून वर आली. टपालबोट आज आमच्या बोटीला नेहमीपेक्षा जोरात घासली, त्यामुळे बादली निम्मी भिजली आणि आमच्यातल्या ड्वेनच्या बायकोचं पत्र तर पिळूनच वाचावं लागलं. तुझं पाकीट कोरडं राहिलं. मीच हट्टाने मागितली होती म्हणून तू पाठवलीस. आता वाटतं, मागितली नसती तर बरं झालं असतं.

झालं असं की मी ती जेवणघरात कॉफीच्या यंत्रावर चिकटवली. तीस वर्षं या बोटींवर लोकांच्या पोरांचे फोटो पाहिले, लग्नं पाहिली, नातवंडं पाहिली. म्हटलं, आता माझी पाळी. डॉक्टर होणारी पोरगी आहे कुणाची? सगळे येऊन वाचून गेले. मग आपला आचारी लेस्टर हातातला झारा घेऊन आला आणि त्याने बोट ठेवून विचारलं की हे पाच डब्ल्यू कसले. मला कुठे ठाऊक? मी ठोकून दिलं की असेल काहीतरी वरच्या दर्जाचं. तो हसला. म्हणाला, आर्विड, डब्ल्यू म्हणजे पोरीने विषय अर्ध्यात सोडला. त्याच्या पुतण्याचे असे तीन होते, आणि एकाही मेडिकल कॉलेजाने त्याला मुलाखतीला बोलावलं नाही.

कागद मी काढून घेतला. त्र्याण्णवच्या पानगळीत दोन आणि चौऱ्याण्णवच्या पानगळीत तीन, सगळे कठीण विषय. सोपा एकही सोडलेला नाही. तुझं शिक्षण एक वर्ष लांबलं तेव्हा तू मला सांगितलंस की वेळापत्रक जमलं नाही. हे काय प्रकरण आहे ते मला सरळ लिही. हिवाळ्यात मी घरी असताना तू आलीस की आपण एका टेबलावर कॉफी प्यायलो, तेव्हा तुझ्या तोंडून चकार शब्द निघाला नाही.

आईला मी यातलं काही लिहिलेलं नाही. पाऊस चांगला आहे, सुपीरियर सरोवर अजून शहाण्यासारखं वागतंय.

माया आहे, रागही आहे. दोन्ही घे.

तुझा बाबा


लॅन्सिंग
१५ सप्टेंबर १९९६

ती. बाबांस,

काइसाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. लेस्टरकाकांना सांगा, त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. डब्ल्यू म्हणजे नापास नव्हे. ठरलेल्या तारखेच्या आत विषय सोडला तर गुण धरत नाहीत, नुसतं अक्षर राहतं. पाचही विषय मी पुढे पुन्हा घेतले आणि चारांत सगळ्यात वरची श्रेणी मिळवली. ते तुम्ही जेवणघरात वाचून दाखवलं नसेल.

पण तुमच्यापासून काय लपवायचं, काळजी आहे. आमच्या इथे मेडिकलला जाणाऱ्यांना सल्ला द्यायला मिसेस ऑकर्मन म्हणून बाई आहेत. त्या म्हणतात, एखाददुसरा डब्ल्यू कुणी पाहत नाही, पोरांना फ्लू होतो, प्रेमभंग होतात. पण पाच, तेही दोनदा एकाच हंगामात आणि सगळे शास्त्राचे, असं दिसलं की प्रवेश समिती थांबते. तिला वाटतं, जड ओझं आलं की ही मुलगी खाली टाकते. अर्जात कारण लिहायला एक चौकट होती, ती मी कोरी ठेवली होती. त्यावरून बाईंनी मला चांगलीच फैलावर घेतलं. कारण सांगितलेला डब्ल्यू माफ होतो, त्या म्हणाल्या, न सांगितलेला होत नाही.

तुम्ही कारण विचारलंत. विषय झेपले नाहीत, बाबा. प्रयोगशाळेचे तास फार होते, मी घाबरले. झालं ते झालं. आता यापेक्षा जास्त विचारू नका.

थंडी सुरू होईल, लोकरीचे मोजे पेटीच्या तळाशी ठेवू नका. तुमच्या रागातून उरेल तेवढी माया मला पुरे.

आपली,
काइसा


लॅन्सिंग
१५ सप्टेंबर १९९६

ती. सिल्वी आत्यास,

सा. न. वि. वि.

बाबांना आज मी खोटं लिहिलं, आणि तेच पाकीट चिकटवून तुला लिहायला बसले आहे. त्यांना डब्ल्यू दिसले. मी घाबरून विषय सोडले असं मी कळवलं. दुसरं काय कळवणार होते? बाबांना काही कळवायचं नाही ही शपथ आईने तुझ्यासमोरच घातली होती.

आत्या, तुला सगळं माहीत आहे म्हणून तुझ्याजवळ बोलते. आई दोन्ही वर्षी पानगळ लागली की उठेनाशी झाली. तू डबा घेऊन गेलीस तर तुला दार उघडेना, माझ्या हातचं मात्र चार घास खायची. म्हणून मी दर गुरुवारी दिवसभर बसमध्ये बसून घरी यायचे आणि रविवारी परत निघायचे. सोमवार ते बुधवारचे विषय राखले, गुरुवार-शुक्रवारचे सोडले. प्रयोगशाळा नेमक्या गुरुवार-शुक्रवारी असतात. कठीण म्हणून एकही सोडला नव्हता. सोडला त्या दिवशी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत मी वर्गात पहिली होते.

आता डिट्रॉइटच्या कॉलेजाने मुलाखतीला बोलावलं आहे, २१ नोव्हेंबरला. सोबत चार ओळी आहेत, की विषय का सोडले याचा खुलासा तयार ठेवा. खरं सांगायचं तर आईचं नाव येतं. तिच्या नवऱ्याला ठाऊक नसलेल्या गोष्टीत तिचं नाव परक्यांपुढे कसं काढू? आणि न सांगावं तर मी पळपुटी ठरते. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

तू सांगशील तसं करीन.

तुझी लाडकी आणि सध्या बिनकामाची,
काइसा


हॅनकॉक
२२ सप्टेंबर १९९६

चि. काइसा हिस,

अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा. बिनकामाची म्हणे!

बाळ, बोटीवर वाईट बातमी पाठवायची नाही, हे मी काढलेलं खूळ नव्हे. माझ्या सासूने मला शिकवलं, तिच्या सासूने तिला. सरोवराच्या मधोमध असलेल्या माणसाला घरचं दुखणं कळवून करायचं काय? तो उडी मारून येणार आहे? त्याचं चित्त थाऱ्यावर राहत नाही आणि हात यंत्रात जातो. बोट जानेवारीत गोदीला बांधली की मग सांगायचं. आपल्याकडच्या सगळ्या बायका असंच करत आल्या.

तू म्हणशील, मग जानेवारीत का नाही सांगितलं? खरं आहे. दोन्ही वर्षी तुझी आई तोवर सावरली होती. आर्विड इतक्या आनंदाने घरात शिरायचा, वाफेत न्हायला सॉना तापवायचा, भसाड्या आवाजात गायचा. त्या आनंदावर पाणी कोण ओतणार? मीच म्हटलं तुझ्या आईला, एल्माला, झाकली मूठ सव्वा लाखाची. मग मार्चमध्ये बोट सुटायची आणि पुन्हा नियम लागू.

माझं ऐकशील तर मुलाखतीत सांग, आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. दोनदा झालं म्हण. डॉक्टर लोकांना पोटाचं दुखणं लगेच पटतं, मनाचं म्हटलं की ते तुझ्याकडेही निरखून बघायला लागतील. रक्तात आहे का, म्हणतील. गावात तर विचारूच नकोस. माझ्या कॉफीच्या दुकानात मी रोज उभी असते, मला माहीत आहे इथे काय चघळतात.

आईचं सध्या ठीक आहे. गोळ्या घेते असं म्हणते. रविवारी चर्चला आली नाही, पण पाऊसही होता.

जेवत जा. आत्याची आठवण असू दे, पाव पाठवलाय तो मैत्रिणींना वाटून संपवू नकोस.

सिल्वी आत्या


बोट 'वॉल्टर ब्रॅनिगन', एरी सरोवर
२९ सप्टेंबर १९९६

चि. काइसा हिस,

आशीर्वाद.

घाबरलीस म्हणून सोडलेस, हे उत्तर मी तीन पाळ्या डोक्यात घोळवलं. मला वाटलं होतं काहीतरी वेगळं निघेल.

मी सुकाणूवर उभा राहणारा माणूस आहे, मला तुझी शास्त्रं कळत नाहीत. पण एवढं कळतं की पाळी संपेपर्यंत चाक हातातून सोडायचं नाही. पोटात कळा येवोत, वारा येवो, समोर काही दिसो न दिसो. माझा बाप खाणीत असाच उभा राहिला आणि मी इथे. तू एकदा घाबरलीस तर मी समजलो असतो. दुसऱ्या वर्षी पुन्हा? आणि दोन्ही वर्षं माझ्याशी हसतखेळत बोलत राहिलीस?

मनात आहे ते लिहून टाकतो. ज्याला अर्ध्यात सोडायची सवय आहे, त्याच्या हातात कुणी आपला जीव का द्यावा? मी त्या समितीत असतो तर मीही हेच विचारलं असतं.

लेस्टर म्हणतो मी फार कडक लिहितोय. लेस्टरने भाजीत मीठ बघावं.

बाबा


लॅन्सिंग
६ ऑक्टोबर १९९६

ती. सौ. आईस,

काइसाचा नमस्कार, आणि गालाला गाल.

बरी आहेस ना? फोन केला की तू सगळं छान आहे म्हणतेस आणि हवापाण्यावर येतेस. म्हणून लिहिते आहे. पत्रात तुला मध्येच फोन ठेवता येत नाही.

आई, मी तुला कधी काही मागितलं नाही. आज मागते. मुलाखतीत मला खरं सांगू दे. मिसेस ऑकर्मननी मला स्पष्ट सांगितलं आहे की माझे बाकीचे गुण प्रवेशाला पुरेसे आहेत. प्रश्न या पाच अक्षरांचाच आहे, आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज केला तरी ती तिथेच असतील. आत्या म्हणते पित्ताशय सांग. मी आरशासमोर सांगून पाहिलं. डॉक्टर व्हायला निघाले आहे आणि पहिलं वाक्य खोट्या रोगाचं, मला हसू आलं आणि मग रडू आलं.

मी तुझ्याबद्दल लाज वाटून गप्प राहिले नव्हते, हे तुला माहीत आहे ना? ते गुरुवार मला आवडायचे. तू अंथरुणातून हात बाहेर काढून माझी वेणी सोडायचीस, तेवढ्यासाठी मी आणखी पाच विषय सोडले असते.

बाबांनी लिहिलंय की ज्याला अर्ध्यात सोडायची सवय आहे त्याच्या हातात कुणी जीव का द्यावा. हे तुला सांगायचं नव्हतं. पण एकटीने झेपेना.

तू नको म्हणालीस तर मी एक अक्षर बोलणार नाही. फक्त नको तरी म्हण. गप्प राहू नकोस.

तुझी,
काइसा


लॅन्सिंग
२७ ऑक्टोबर १९९६

ती. आत्यास,

नमस्कार. घाईत आहे.

आईचं उत्तर नाही. गेल्या आठवड्यापासून फोनही उचलत नाही. तू दार वाजवलंस का? आत दिवा दिसतो का? पडदे ओढलेले आहेत का? गोळ्यांची बाटली बघ, औषधाच्या दुकानात विचार शेवटची कधी नेली. मला वाटतं तिने त्या केव्हाच सोडल्या आहेत, आणि माझ्या पत्राने उरलंसुरलं संपवलं. मी ते लिहायलाच नको होतं.

या वर्षी विषय सोडायची शेवटची तारीख शुक्रवार आहे. त्यानंतर गैरहजर राहिले तर सरळ नापास. शुक्रवारच्या आत सोडला तर सहावा डब्ल्यू, आणि मिसेस ऑकर्मन म्हणाल्या की मुलाखतीच्या तोंडावर सहावा पडला तर त्या स्वतःसुद्धा माझ्यासाठी काही करू शकणार नाहीत. मी फॉर्म आणून ठेवला आहे. सही करायची राहिली आहे.

येऊ का? तू ये म्हणालीस तर निघते. आईपुढे मेडिकल कॉलेज काय चीज आहे. पण आत्या, खरं सांग, नुसतं ठीक आहे म्हणू नकोस. तुमचं ठीक आहे ऐकून ऐकून माझे कान किटले.

काइसा


हॅनकॉक
३० ऑक्टोबर १९९६

चि. काइसा,

आशीर्वाद. हे जलद टपालाने धाडते आहे.

सही करू नकोस.

मी काल हातोडी घेऊन गेले. दार तोडते म्हटल्यावर उघडलं. पोरी, तुझा अंदाज खरा आहे, गोळ्या ऑगस्टपासून बंद आहेत. घर थंडगार होतं. केस विंचरलेले नाहीत. तुझं पत्र उशीखाली होतं, घड्या मोडून फाटायला आलेलं. मी तिला माझ्या घरी चल म्हटलं तर नाही म्हणाली. मग मीच गादी घेऊन तिच्याकडे राहायला आले आहे. दुकान आठ दिवस बंद. लोकांना कॉफी घरी पिऊ दे.

मी तुला बोलावलं तर तू येशील, हे ती जाणते. काल संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, काइसाला बोलावलंस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. या दुखण्यात तिने पहिल्यांदा इतक्या जोरात काही सांगितलं. मला बरंच वाटलं.

पण मी काय कायमची पुरणार आहे? मला साठी उलटून गेली. एक माणूस हवं घरात. तेवढं मला कळतं, पुढचं कळत नाही.

देव आपल्याकडे बघतोय असं धरून चाल.

सिल्वी आत्या


हॅनकॉकजवळ, घरी
३ नोव्हेंबर १९९६

प्रिय आर्विड,

नवऱ्याला पत्र लिहिताना मायना काय घालतात ते मी विसरले. आपण दोघं हवापाणी लिहितो, त्याला मायना लागत नव्हता.

सिल्वीला हे पत्र दाखवलेलं नाही. दाखवलं तर ती चुलीत घालेल. तू हे सुकाणूवर जायच्या आधी वाचू नकोस, पाळी झाल्यावर वाच.

मला एक आजार आहे. चार वर्षांपूर्वी सुरू झाला. दुखत काही नाही. सकाळी जाग येते आणि उठायचं कारण सापडत नाही. कॉफीचं भांडं चार पावलांवर असतं, तिथवर जायचा विचार करण्यात दिवस सरतो. तुझ्या बोटीची भीती वाटते म्हणून होत असेल असं मी आधी धरलं. मग तू सुखरूप आहेस हे कळूनही तेच. चौऱ्याण्णवच्या नोव्हेंबरात मी मार्क्वेटच्या इस्पितळात मनाच्या आजाराच्या वॉर्डात होते. तुला मी माझ्या बहिणीकडे गेले असं कळवलं होतं. जानेवारीत तू आलास, मी वेलदोड्याचा पाव भाजला होता, आणि तू म्हणालास की या घरात किती बरं वाटतं, काही बदलत नाही. मग कसं सांगायचं?

गोळ्यांनी गेलं वर्ष चांगलं गेलं. मला वाटलं सुटले, म्हणून बंद केल्या. ती माझी चूक.

आता काइसाचं. तिने विषय घाबरून सोडले नाहीत. दर गुरुवारी ती बस पकडून माझ्याकडे यायची. मला न्हाऊ घालायची, भरवायची, आणि रविवारी उभ्याने झोपत परत जायची. जे दिवस ती इथे असायची त्या दिवसांचे विषय तिने सोडले. ते पाच डब्ल्यू माझे आहेत, आर्विड. तुला कळवायचं नाही अशी शपथ मी घातली, म्हणून तिने तुझी बोलणी खाल्ली. तू तिला जे लिहिलंस ते मला कळलं आहे. माझा तुझ्यावर राग नाही. तुला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

मी तिला आजच वेगळी चिठ्ठी लिहिली आहे. तिथल्या लोकांना माझं नाव घेऊन सांग, आजाराचं नाव घेऊन सांग, म्हटलं आहे. तिला माझ्यासाठी पुन्हा काही सोडू देणार नाही. पण मला एकटीला राहवेल असंही वाटत नाही, हे तुला खरं सांगते.

तू बोट सोडून ये असं मी लिहीत नाही. काय लिहितेय ते मलाच नीट कळत नाही. पोस्टापर्यंत आज मी स्वतः चालत जाणार आहे. सिल्वी झोपली आहे.

लोभ होता, आहे.

एल्मा


घरी
१६ नोव्हेंबर १९९६

चि. काइसा हिस,

अनेक आशीर्वाद. घरचा पत्ता वाचून दचकू नकोस, बोट तरंगते आहे. मी तिच्यावर नाही, एवढंच.

आईने पाळी झाल्यावर वाच असं लिहिलं होतं, पण ते पाकिटाच्या आत लिहिलं होतं. मी बादलीतून काढलं आणि तिथेच डेकवर उभ्याने वाचलं. पाच मिनिटांनी मला चाकावर जायचं होतं. बोटीवर वाईट बातमी नको असं सिल्वी आत्या जन्मभर सांगत आली, ते खोटं नाही हे मला तेव्हा कळलं. मी कप्तानाकडे गेलो आणि म्हटलं, आज माझ्या हाती चाक देऊ नका. त्याला वाटलं दारू प्यायलोय. मी म्हटलं, माझी बायको आजारी आहे, मनाने आजारी आहे, आणि मला आजवर ठाऊक नव्हतं. तीस वर्षांत मी कुणाही कप्तानाला घरचं काही सांगितलेलं नाही. तो म्हणाला, सू गावच्या कालव्याच्या दारांशी बोट थांबली की उतर, मी बदली माणूस मागवतो. उतरण्याच्या कागदावर कारण काय लिहू असं त्याने विचारलं, हवं तर घरगुती लिहितो म्हणाला. मी म्हटलं, बायको आजारी, असंच लिहा. लेस्टरने वाटेत खायला खिमा भरलेल्या सहा पास्ट्या बांधून दिल्या आणि तुझी गुणपत्रिका परत मागून घेतली. ती आता पुन्हा कॉफीच्या यंत्रावर आहे.

काल हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस होता. त्यामुळे अख्ख्या गावाला वाटतंय की आर्विड हरणासाठी बोट सोडून आला, आणि जो तो माझ्या पाठीवर थाप मारतोय. बायकोसाठी कुणी नोव्हेंबरात उतरतं हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही. सहकारी दुकानात तिघांनी विचारलं, शिंगं किती फाट्यांची मिळाली. मी म्हटलं, बंदूक पेटीत आहे, एल्माची मनाची तब्येत बरी नाही म्हणून आलोय. मग त्या तिघांतला एक माझ्यामागून गाडीपर्यंत आला आणि हळूच म्हणाला, माझ्या घरीही आहे, कुठल्या डॉक्टरकडे जाता?

आई बरी नाही, तुला खोटं सांगणार नाही. कालचा पूर्ण दिवस ती बोलली नाही. मी केलेली लापशी बघून मात्र म्हणाली की ही बोटीच्या तळाला लावायची वस्तू आहे. गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत. येत्या गुरुवारी तिला मार्क्वेटला नेणार आहे, म्हणजे तुझी मुलाखत आणि आमची वेळ एकदमच. आत्या गादी गुंडाळून घरी गेली. जाताना माझ्यासमोर रडली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

त्या वाक्याबद्दल लिहायचं मी तीन दिवस टाळतोय. लिहिलेलं पुसता येत नाही, नाहीतर पुसलं असतं. तू माझ्यासाठी तोंड मिटून उभी राहिलीस आणि मी तुलाच पळपुटी ठरवलं. मला क्षमा कर, बाळ. असं मी कुणाला लिहिलेलं नाही, बरोबर लिहिलंय का ते माहीत नाही.

तिथे ताठ उभी राहा. खरं सांग. आमची लाज धरू नकोस.

बापाची सगळी माया या वेळी एकटीच पाठवतो आहे, तिच्यासोबत दुसरं काही नाही.

बाबा


लॅन्सिंग
१५ डिसेंबर १९९६

ती. आई आणि बाबांस,

दोघांना मिळून एकच शि. सा. न. वि. वि. पहिल्यांदाच दोघांना एका पाकिटात नमस्कार पाठवते आहे, आणि डिसेंबरात!

डिट्रॉइटला जागा मिळाली हे फोनवर सांगितलंच. तेव्हा आई रडत होती आणि मागून आत्या ओरडत होती की काय झालं ते कुणीतरी सांगा. त्या गोंधळात नीट काही बोलता आलं नाही. दोन कॉलेजांनी मुलाखत न घेताच नकार कळवला होता, ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडे माझी ती कोरी चौकट गेली होती. कोरी ठेवणं हा माझाच शहाणपणा. आपल्या घरचा, म्हणा.

आता मुलाखतीचं. तिघं जण होते. मधल्या बाई शस्त्रक्रिया करणाऱ्या, पांढरे केस, हसू नाही. त्यांनी गुणपत्रिका पुढे सरकवून पाच ठिकाणी पेन्सिल टेकवली आणि सांगा म्हणाल्या. आई, तुझी चिठ्ठी माझ्या खिशात होती. मी तुझं नाव घेतलं, आजाराचं नाव घेतलं, गुरुवारची बस सांगितली. बाबांना का कळवलं नाही तेही सांगितलं. बोटीवर वाईट बातमी पाठवायची नसते हे ऐकून बाईंनी चष्मा काढला, आणि मला वाटलं आता हसणार. हसल्या नाहीत.

मग टोकाला बसलेला एक बारीक माणूस बोलला. तोवर तो नुसता खिडकीबाहेर पाहत होता. म्हणाला, तुम्ही केलंत ते मुलगी म्हणून योग्यच होतं. पण आमच्या इथे पहिल्याच पानगळीत शरीरशास्त्र असतं, गुरुवारी आणि शुक्रवारी. तुमच्या आई पुन्हा आजारी पडल्या तर?

याच प्रश्नाला मी घाबरत होते. मिसेस ऑकर्मननी माझ्याकडून उत्तर पाठ करून घेतलं होतं, त्यात वेळेचं नियोजन होतं, अनुभवातून शिकणं होतं, सगळं होतं. त्यातला मला एक शब्द आठवला नाही. भिंतीवर घड्याळ होतं. या वेळी तुम्ही दोघं मार्क्वेटला डॉक्टरांच्या दारात बसला असाल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी म्हटलं, आई पुन्हा आजारी पडेल, तो तसाच आजार आहे. पण आता माझ्या बाबांना माहीत आहे.

आज गुरुवार आहे, म्हटलं, आणि तिच्यापाशी ते बसले आहेत.

तुमची,
काइसा